लाल गाळ, जुनं कुळागर आणि कोकोची लागवड: सत्तरीतलं एक प्रकरण

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका कुळागराचं, म्हणजे पोफळ, माड आणि मसाल्यांच्या मिश्र बागेचं, हे प्रकरण आहे. जमीन जेमतेम दोन एकर. वरच्या अंगाला तीन पिढ्यांची पोफळ, अधूनमधून माड, जायफळ, मिरीच्या वेली, कडेला भिरंड (कोकम). खाली व्हाळाच्या काठाला पूर्वी भाताचं शेत होतं, तिथे आता कोवळी पोफळ आणि केळी उभी आहे. वरच्या तुकड्याला झरीचं पाणी पाटाने येतं. खालच्या तुकड्याचा इतिहास वेगळा. खाणी जोरात चालू होत्या त्या काळात, एका पावसाळ्यात, डोंगरावरचा रिजेक्शनचा, म्हणजे खनिज काढून टाकून दिलेल्या मातीदगडांचा, ढीग धुपला आणि लाल गाळ शेतात शिरला. भात गेलं. पुढे घरच्यांनी बांध घातला, वर्षानुवर्षं शेणखत आणि पालापाचोळा टाकला आणि हळूहळू तिथे बागायत केली.

घरातले काका पंचाहत्तरी ओलांडलेले, पण अजून रोज कुळागरात उतरतात. मुलगा पणजीला नोकरी करतो आणि शनिवार-रविवार घरी असतो. पोफळीच्या सावलीत कोको लावायचा विचार त्याचा. कर्नाटकात आणि केरळात पोफळीत कोको नवा नाही. मंगळुरूची कॅम्पको ही सहकारी संस्था अनेक वर्षांपासून शेतकऱ्यांकडून कोको घेते आणि पुत्तूरला तिचा चॉकलेटचा कारखाना आहे. इथे मात्र मुलाने एका लहान चॉकलेट उत्पादकाशी बोलणं केलं होतं, जो थोडा माल परदेशी पाठवतो. त्याने पहिल्याच बैठकीत सांगितलं, बियांमधल्या कॅडमियमचा आणि शिशाचा अहवाल लागेल, त्याशिवाय पुढची बोलणी नाहीत.

मी बागायतदारांना माती-पाण्याबद्दल सल्ला देते, म्हणून मुलाने मला बोलावलं. काकांचं मत आधीच ठरलेलं होतं. "बाय, खाली नको. त्या लाल मातीत विष असणारच. वर लावूया, वरची माती आमच्या बापजाद्यांची आहे, स्वच्छ." माझ्यापुढे प्रश्न एवढाच ठेवला होता: वर की खाली?

कोकोचीच चौकशी का होते

कॅडमियम मातीत निसर्गतःच थोडं असतं. झाडाला त्याचा काही उपयोग नाही, पण जस्ताशी त्याचं रासायनिक साम्य इतकं आहे की मुळं ते जस्ताच्या वाटेने आत घेतात. सगळी झाडं ते सारखं घेत नाहीत. कोको ते घेतो, पानात साठवतो, आणि बीमध्येही पोचवतो. दक्षिण अमेरिकेत, विशेषतः इक्वेडोर, पेरू आणि कोलंबियाच्या काही भागांत, मातीच्या मूळ खडकामुळेच कोकोच्या बियांत कॅडमियम जास्त सापडतं. पश्चिम आफ्रिकेतल्या कोकोत ते साधारणपणे कमी असतं.

माणसाच्या शरीरात गेलेलं कॅडमियम मूत्रपिंडात साठतं आणि निम्मं बाहेर पडायलाच दहा ते तीस वर्षं लागतात. म्हणून युरोपीय संघाने 2014 साली चॉकलेटसाठी कॅडमियमच्या मर्यादा ठरवल्या आणि 1 जानेवारी 2019 पासून त्या लागू केल्या. पन्नास टक्के किंवा त्याहून जास्त कोको असलेल्या गडद चॉकलेटला किलोमागे 0.80 मिलिग्रॅम, आणि कमी कोकोच्या दुधाच्या चॉकलेटला 0.10 मिलिग्रॅम. दुधाच्या चॉकलेटची मर्यादा कडक, कारण ते मुलं खातात. 2022 साली कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेने कोकोतलं कॅडमियम कमी ठेवण्यासाठी शेतापासून प्रक्रियेपर्यंतची कार्यसंहिताच काढली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहक संस्थेने 28 गडद चॉकलेटं तपासली. सगळ्यांत शिसं आणि कॅडमियम सापडलं. त्यांतली 23 अशी होती की रोज साधारण 28 ग्रॅम खाल्ली तर निदान एका धातूच्या बाबतीत कॅलिफोर्नियाची मर्यादा ओलांडली जाईल.

म्हणजे गिऱ्हाईक अहवाल मागत होता तो काही नखरा म्हणून नव्हे. कोकोचं झाड एकदा लावलं की दशकानुदशकं उभं राहतं. भाताच्या शेतात चूक झाली तर पुढच्या हंगामात सुधारता येते, इथे तसं नाही. तपासायचं ते रोप लावण्याआधी, हे मी त्या दोघांना पहिल्याच दिवशी सांगितलं.

खाण कसली होती, हा पहिला प्रश्न

खाणीचा गाळ म्हटलं की गोव्यातल्या माणसाच्या पोटात गोळा येतो, आणि तो येण्यासारखंच इथे घडलेलं आहे. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे, धारबांदोडा या तालुक्यांत शेतं बुजली, झरी आटल्या, नद्या लाल झाल्या. 2012 च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवलं, 2014 मध्ये अटींवर परवानगी दिली, आणि 2018 मध्ये 88 लीजांचं नूतनीकरण रद्द केल्यावर मार्चपासून खाणी पुन्हा बंद झाल्या. पण खाण बंद झाली म्हणून ढीग जात नाही. प्रत्येक पावसाळ्यात तो थोडा थोडा खाली येतच राहतो.

तरीही, त्या गाळात नेमकं काय आहे हे त्याच्या रंगावरून कळत नाही. कॅडमियमची सोबत असते ती मुख्यतः जस्ताच्या खनिजाशी. जपानमध्ये तोयामा प्रांतात जिंझू नदीच्या खोऱ्यात जस्त-शिशाच्या खाणीचं पाणी भातशेतीत गेलं, त्या भातातून कॅडमियम माणसांच्या पोटात गेलं, आणि हाडं ठिसूळ करणारा 'इताई-इताई' हा भयंकर आजार झाला. जपान सरकारने 1968 मध्ये त्याचा संबंध खाणीतल्या कॅडमियमशी आहे हे अधिकृतपणे मान्य केलं. गोव्यातली खाण लोखंडाची, काही ठिकाणी मँगेनीजची. इथल्या गाळात लोह आणि मँगेनीज भरपूर मिळणार हे गृहीत धरावं. कॅडमियम मात्र गृहीत धरायचं नाही, मोजायचं.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. लोहाचे आणि मँगेनीजचे ऑक्साइड कॅडमियम-शिशाला आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवतात. म्हणजे ज्या लाल रंगाला काका घाबरत होते, तोच रंग देणारे कण काही प्रमाणात या धातूंना अडवतात. पण ही पकड आम्लतेवर अवलंबून असते. माती जितकी आम्ल, तितकी पकड ढिली आणि कॅडमियम मुळांना मोकळं. गोव्यातल्या मुसळधार पावसाने चुना आणि मॅग्नेशियम धुऊन गेलेली जांभा माती स्वभावतःच आम्ल. कोकोच्या दृष्टीने आपली मुख्य अडचण ही आहे.

नमुने

सरकारच्या मृदा आरोग्य पत्रिकेत, जी योजना 2015 मध्ये सुरू झाली, बारा गोष्टी मोजतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगेनीज, बोरॉन, सामू (आम्लता दाखवणारा पीएच), क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. काकांकडे ती पत्रिका होती, नीट प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेली. तिच्यात कॅडमियम नाही, शिसं नाही. पिकाला काय कमी पडतंय हे सांगण्यासाठी ती बनवली आहे आणि त्या कामाला चांगली आहे. पण पत्रिकेवर सगळं हिरवं आहे म्हणून माती कोकोला निर्धोक, असा अर्थ काढणारे बागायतदार मला भेटतात, आणि त्यांना कुणी वेगळं सांगितलेलंही नसतं.

आम्ही नमुने नव्याने घेतले. जस्ताचा मुलामा दिलेली घमेली आणि बादल्या बाजूला ठेवल्या, कारण त्यातून जस्त आणि त्याच्यासोबतचं कॅडमियमही नमुन्यात येऊ शकतं. स्टीलचं खुरपं आणि प्लास्टिकचा टब घेतला. कोकोची अन्न घेणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या वीसेक सेंटिमीटरात असतात, म्हणून तो थर वेगळा आणि त्याखालचा वीस ते चाळीस सेंटिमीटरचा थर वेगळा.

खालच्या तुकड्यात खणलेल्या खड्ड्याची भिंत खुरप्याने साफ केली तेव्हा तिथे काय काय झालं ते स्पष्ट दिसलं. वर वीतभर काळपट, भुसभुशीत, गांडुळांची माती, म्हणजे घरच्यांची इतक्या वर्षांची मेहनत. त्याखाली विटेच्या रंगाचा, बोटांत साबणासारखा बुळबुळीत लागणारा गाळाचा थर, इतका घट्ट की पोफळीची मुळं त्यावर येऊन आडवी वळली होती. त्याच्याही खाली जुन्या शेताची करडी माती, तांबेऱ्याच्या रेघा असलेली. काका खड्ड्याच्या काठावर बसले आणि बराच वेळ त्या करड्या थराकडे बघत राहिले. "हे आमचं शेत," एवढंच म्हणाले.

वरच्या तुकड्यात मी एक नमुना मुद्दाम वेगळा घेतला. पोफळीला कोळेरोग, म्हणजे पावसातली फळकूज, येऊ नये म्हणून दर पावसाळ्यात बोर्डो मिश्रण मारतात, मोरचूद आणि चुना. ते मिश्रण पिढ्यानुपिढ्या एकाच जागी, पाटाच्या कडेला, पिंपात कालवलं जातं आणि उरलेलं तिथेच ओततात. त्या जागेची माती बाकीच्यांत मिसळली असती तर अख्ख्या तुकड्याचा आकडा बिघडला असता.

नमुने सावलीत कागदावर वाळवले आणि एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत पाठवले. एकूण कॅडमियम आणि शिसं, आणि त्याशिवाय मुळांना उपलब्ध असलेला भाग, दोन्ही मागितलं. नुसत्या एकूण आकड्यावरून झाड किती उचलेल ते कळत नाही. हा खर्च साध्या माती परीक्षणापेक्षा बराच जास्त येतो, आणि लहान बागायतदाराने तो एकट्याने करावा अशी अपेक्षा धरणं मला अन्यायाचं वाटतं.

अहवालात काय आलं

खालच्या गाळात लोह आणि उपलब्ध मँगेनीज भरमसाट होतं. कॅडमियम मात्र प्रयोगशाळेच्या मोजणी-मर्यादेच्याही खाली. वरच्या, 'स्वच्छ' तुकड्यात कॅडमियम मोजता येण्याइतकं सापडलं. फार नव्हे, पण होतं, आणि त्याचा बराचसा भाग मुळांना उपलब्ध होता, कारण तिथला सामू पाचच्याही खाली गेलेला. तांबं तर वरच्या तुकड्यात सगळीकडेच वाढलेलं, आणि पिंपाच्या जागी त्याहून कितीतरी पट. शिसं दोन्हीकडे नैसर्गिक पातळीवर.

मुलाने विचारलं, वर खाण नाही, कारखाना नाही, मग कॅडमियम आलं कुठून? थोडं मूळ खडकातून. थोडं बहुधा स्फुरदाच्या खतांतून. स्फुरदाचं खत ज्या फॉस्फेट खडकापासून करतात त्यात कॅडमियम असतं, सागरी गाळापासून बनलेल्या खडकात जास्त. युरोपात 2022 पासून स्फुरदाच्या खतात किलोभर स्फुरदामागे 60 मिलिग्रॅम कॅडमियमची मर्यादा आहे. आपल्याकडे कोकोच्या पूर्ण वाढलेल्या झाडाला वर्षाला 40 ग्रॅम स्फुरदाची शिफारस आहे. खत त्या युरोपीय मर्यादेवर आहे असं धरलं तर झाडामागे वर्षाला 2.4 मिलिग्रॅम कॅडमियम पडतं. आठ चौरस मीटरच्या आळ्यातली वरची वीस सेंटिमीटर माती सुमारे दोन टन भरते. म्हणजे पंचवीस वर्षांत किलोमागे 0.03 मिलिग्रॅमची भर. आकडा लहान आहे. पण ते कुठे जात नाही, आणि कोकोची पानं गळून तिथेच कुजतात तेव्हा मुळांनी खालून ओढलेलं कॅडमियमही वरच्या थरात परत येतं.

काकांनी अहवाल दोनदा वाचून घेतला. त्यांना तो पटायला वेळ लागला, आणि ते स्वाभाविक होतं. ज्या गाळाने शेत नेलं तो गाळ या एका बाबतीत निर्दोष आहे हे ऐकून कुणालाही समाधान वाटणार नाही. समाधान माना असं मीही त्यांना सांगितलं नाही. गाळाने मातीची रचना बिघडवली, पाणी मुरणं बंद केलं, ते नुकसान खरंच आहे आणि त्याची भरपाई त्यांना कधी मिळाली नाही.

मग लावायचं कुठे

खालच्या तुकड्याला मी नकारच दिला, पण कॅडमियमसाठी नव्हे. घट्ट गाळाच्या थरामुळे पावसाळ्यात तिथे पाणी साचतं. पाणी साचलं की मातीतला प्राणवायू संपतो, मँगेनीज आणि लोह विरघळून मुळांवर येतं, शिवाय त्या ऑक्साइडांनी धरून ठेवलेलं बाकीचंही सुटू शकतं. कोको असं बुडून राहणं सहन करत नाही. आधी चर खणून निचरा करायचा, गाळाचा थर जागोजागी फोडायचा, तोवर तिथे केळी आणि पोफळच राहू दे, असं ठरलं.

वरच्या तुकड्यात लागवड, पण आधी सामू वर आणायचा. डोलोमाइट ही चुनखडी निवडली, कारण कॅल्शियमसोबत मॅग्नेशियमही मिळतं. एकदम ओतायचं नाही, दोन हप्त्यांत द्यायचं, रासायनिक खतापासून काही आठवडे अंतर ठेवायचं, आणि सहाच्या आसपास थांबायचं. जास्त चुन्याने जस्त अडकतं, आणि जस्त कमी पडलं की झाड कॅडमियम अधिक ओढतं. पत्रिकेत जस्त आधीच कमी दाखवलं होतं, म्हणून झिंक सल्फेट वेगळं दिलं. खताच्या दुकानातून घ्यायच्या शहरी कंपोस्टबद्दलही विचारलं गेलं. खत नियंत्रण आदेशात त्याला किलोमागे 5 मिलिग्रॅमपर्यंत कॅडमियम चालतं. टनांनी टाकायच्या वस्तूला ही मर्यादा मला कोकोसाठी सैल वाटते. घरचं शेणखत आणि पोफळीच्या झावळ्या पुरेशा आहेत.

बोर्डो बंद करा असं मी म्हटलं नाही. कोळेरोगात अख्खं पीक गळून पडलेलं मी पाहिलं आहे. कोकोच्या फळकुजीलाही तेच मिश्रण मारावं लागतं. पण मिश्रण करायची जागा पाटापासून दूर हलवली, उरलेलं आळ्यात ओतणं थांबवलं, आणि पिंपाच्या जुन्या जागेभोवती कोको लावायचा नाही असं ठरलं. त्या तांब्याने चॉकलेट खाणाऱ्याला त्रास होईल असं नाही, पण गांडुळं आणि मातीतले जिवाणू त्याने मरतात.

शिशाची गोष्ट अंगणात सापडली

कोकोतलं कॅडमियम मुळातून येतं. शिसं बहुतांश तसं येत नाही. ते फळ फोडल्यानंतर, आंबवलेल्या ओल्या, चिकट बिया उघड्यावर वाळत असताना धुळीतून बसतं. म्हणून वर की खाली हा प्रश्न संपल्यावर मी विचारलं, वाळवणार कुठे? मुलाने घरासमोरचं अंगण दाखवलं. त्याला लागूनच खनिजाचे ट्रक जायचे तो रस्ता. अंगणात जुने, रंग उडालेले पत्रे रचलेले, सुपारी वाळवायला वापरतात तेच.

हिशेब तिथेच मांडून दाखवला. साध्या मातीतही किलोमागे वीसेक मिलिग्रॅम शिसं असू शकतं. किलोभर बियांना एक ग्रॅम धूळ चिकटली तर किलोमागे 0.02 मिलिग्रॅम शिसं आलं. त्यातलं थोडं सालासोबत जाईल. पण ते तसंच चॉकलेटात उतरलं तर 30 ग्रॅमच्या वडीत 0.6 मायक्रोग्रॅम होतं, आणि कॅलिफोर्नियाची दिवसाची मर्यादा आहे 0.5. एक ग्रॅम धूळ म्हणजे चिमूटभर. सुपारीला वरचं टरफल असतं, म्हणून आजवर असं वाळवून भागलं. मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो आणि त्याची कोणतीही सुरक्षित पातळी ठाऊक नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

काकी तोवर काही बोलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "मग मागच्या पडवीपुढे मांडव घालूया. तिथे धूळ येत नाही, मी आंबोशी तिथेच सुकवते." या सगळ्या प्रकरणातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी निर्णय तो ठरला. कमरेएवढ्या उंचीवर बांबूची चौकट, त्यावर स्वच्छ जाळी, वर पारदर्शक कागद. कोकोचा एक बहर एप्रिल ते जून येतो, म्हणजे शेवटच्या बिया पावसातच वाळवाव्या लागणार. तेव्हा घाईने रस्त्याकडेला पसरण्याचा मोह होतो, म्हणून छप्पर पहिल्यापासूनच हवं.

सध्याची स्थिती

डोलोमाइटचा पहिला हप्ता पडला आहे. दुसऱ्यानंतर सामू पुन्हा मोजायचा आणि मगच रोपं लावायची. गिऱ्हाइकाला मातीचा अहवाल दाखवला आहे. त्याने तो ठेवून घेतला, पण शब्द बियांच्या अहवालावरच देणार म्हणाला, आणि ते रास्त आहे. फळं यायला तीनेक वर्षं लागतील. त्याआधी झाडांची पानं तपासता येतील. पानात कॅडमियम बीपेक्षा जास्त साठतं, त्यामुळे कुठलं झाड जास्त ओढतंय याचा अंदाज बिया येण्याआधीच मिळेल, आणि तशी झाडं वेळीच काढून दुसऱ्या वाणाची लावता येतील. पहिल्या बहराच्या बिया वरच्या तुकड्याच्या दोन भागांतून वेगवेगळ्या आंबवायच्या, वेगवेगळ्या तपासायच्या, असं मुलाने वहीत लिहून ठेवलं आहे.

तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयाला मी एक अर्ज दिला आहे: खाणपट्ट्यातल्या ज्या कुळागरांत नवं खाद्य पीक लागणार आहे, तिथे मृदा आरोग्य पत्रिकेच्या नमुन्यातूनच कॅडमियम आणि शिसंही सरकारी खर्चाने तपासून द्यावं. त्याच वाड्यावरच्या आणखी काही बागायतदारांनी त्यावर सह्या केल्या आहेत. काकांची सही पहिली आहे.